कास्तोच्या हातातला झेंडा

लांबेर्तोने माझ्या भावाच्या हातात झेंडा दिला तो चित्रात. खरं विचाराल तर कास्तोने हातोडा आणि सांडशी सोडून दुसरं काही मिरवलेलं मी कधी पाहिलं नाही. तोर्रेसेका या आमच्या गावात त्याचं लोहारकाम होतं. आसपासच्या गावांतली खेचरं नाल ठोकून घ्यायला त्याच्याकडेच यायची. लांबेर्तो माझा नवरा. तो चित्रं काढायचा.

आरागोनच्या आमच्या त्या कोरड्या मुलखात चित्रकार म्हणजे लोकांना करमणूकच वाटायची. लांबेर्तोचा बाप तेलाच्या घाण्यावर राबणारा माणूस. पण पोराचा हात बघून आमचे पाद्री मोसेन फ्रोइलान यांनी खटपट केली आणि त्याला सारागोसाला शिकायला पाठवलं. बाप वारला तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. मग चर्चमधले किडलेले संत दुरुस्त कर, कुणाच्या लग्नाच्या पेटीवर फुलं काढ, खानावळीची पाटी रंगव, अशी कामं करत राहिला. त्याच काळात आमचं लग्न झालं.

चेहऱ्यावर मात्र त्याचा हात असा चालायचा की बघत राहावं. मोसेननी त्याला बाजूच्या वेदीसाठी संत आना काढायला सांगितली, येशूची आजी. लांबेर्तोने तिला आमच्या एन्ग्रासिआ मावशीचा चेहरा दिला. ही मावशी विधवा होती, गावाची पावाची भट्टी चालवायची, आणि कंजूष म्हणून तिचं नाव होतं. चित्र वर चढवलं त्या रविवारी चर्चबाहेर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हिच्यापुढे मेणबत्ती लावून काय मिळणार, ही उसनं मीठसुद्धा देत नाही, असं जो तो म्हणत होता. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीठ मागायचं असेल तर आता गुडघे टेकून मागा."

छत्तीस सालच्या जुलैत सेनापती सरकारवर उलटले आणि युद्ध पेटलं. आमच्या भागात बार्सेलोनाहून ट्रक भरभरून बंदूकवाले आले. गळ्यात लाल-काळे रुमाल, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात दोरीच्या चपला. राजा, जमीनदार, पाद्री, सगळं संपलं, आता जमीन सगळ्यांची, असं त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं. ते येणार ही कुणकुण आधी लागली होती. कास्तोने मोसेनना गाडीत गवताखाली झोपवलं आणि डोंगरापलीकडे नेऊन सोडलं. कास्तो कधी चर्चची पायरी चढला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला की माझ्या म्हाताऱ्या खेचराला त्यांनी दर वर्षी फुकट आशीर्वाद दिला, तेवढं तरी फेडायला नको का.

बंदूकवाल्यांनी चर्चमधले संत चौकात आणून पेटवले. संत आना पण त्यात होती. लांबेर्तो माझ्याशेजारी उभा होता, हात खाली सोडून. एन्ग्रासिआ मावशी आमच्या मागे. "मी तिकडे जळतेय," ती म्हणाली, "आणि इथे नुसता घाम येतोय मला." लोक जरा हसले. लांबेर्तो हसला नाही. रंग भाजताना फुगतो आणि मग फुटतो, ते तो बघत होता. एका बंदूकवाल्या पोराने त्याला वाइनची पिशवी पुढे केली आणि कुणीतरी सांगितलेलं असणार, म्हणाला, "तूच काढलीस होय? चांगली होती. दुसरी काढ, कॉम्रेड."

त्यानंतर कितीतरी महिने त्याने कुंचला हातात धरला नाही. गावाने जमिनी एकत्र केल्या. जमीनदाराचा कारभारी डॉन इलारिओ पळून गेला होता. त्याच्या शेतातला गहू पहिल्यांदा आमच्या कोठारात आला. कोठार म्हणजे चर्चच. तिथेच सामाईक स्वयंपाकही व्हायचा. लांबेर्तो सगळ्यांबरोबर शेतावर जायचा, घरी येऊन गप्प बसायचा. गावच्या समितीने त्याला चर्चची मोठी भिंत रंगवायला सांगितली तेव्हा त्याने नाही म्हणून कळवलं. मग कास्तो घरी आला.

"पाद्र्याने सांगितलं तर संत काढलेस. आता आम्ही सांगतोय तर आम्हाला काढ," कास्तो म्हणाला.

"उद्या तुमचंही कुणी जाळेल."

"भिंत जळत नाही रे. बघ, माझ्या बायकोला एकदा तरी मला धुतलेल्या तोंडाने बघू दे."

लांबेर्तो हसला. संत जळाल्यापासून मी त्याला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सदतीसच्या वसंतात त्याने काम सुरू केलं. विकतचे रंग मिळत नव्हते. ओढ्याच्या कडेची काव आणि पिवडी आणून मी वाटून द्यायची. काळ्यासाठी भट्टीची काजळी. अंड्याच्या बलकात कालवून तो रंग लावायचा आणि मावशी कुरकुरायची की याच्या भिंतीने गावाची सगळी न्याहारी खाल्ली. पण तीच पहिली येऊन उभी राहिली. मग सगळेच यायला लागले. सुगीचं चित्र होतं. कापणी करणारे, पेंढ्या बांधणाऱ्या बायका, पाव वाटणारी मावशी. चित्रात फाटके कपडे असणार हे माहीत असूनही लोक रविवारचे कपडे घालून यायचे. पुढच्या रांगेवरून भांडणं झाली. एक जण म्हणाला, माझा चामखीळ काढू नकोस. लांबेर्तोने चामखीळ काढला आणि त्या माणसाच्या बायकोने तो बरोबर जागी आहे म्हणून दाद दिली.

तो रोज काम करून यायचा तेव्हा त्याच्या दाढीत रंग असायचा आणि जेवताना बोलत सुटायचा. सारागोसात शिकवलेलं सगळं विसरायला लागलं, म्हणायचा. संत काढताना माणसं चोरून आणावी लागायची, आता ती पायांनी चालत येतात. तो इतका आनंदात मला आधीही दिसला नव्हता आणि नंतरही नाही. सांगायचं राहून जायला नको म्हणून सांगते, मला कुठे जागा आहे असं मी विचारलं होतं. शेवटी उजवीकडच्या कोपऱ्यात तुला घेतो म्हणाला. कोपऱ्यात खिडकी निघाली, मी राहून गेले.

कास्तोला त्याने मधोमध उभा केला. उंच होता, खांद्याने रुंद. आधी हातात हातोडाच होता. सगळं पिवळं, मातकट, आणि मध्ये नजर ठरायला काही नाही, म्हणून लांबेर्तो दोन दिवस भिंतीसमोर बसून राहिला. मग त्याने हातोडा पुसला आणि कास्तोच्या हातात लाल-काळा झेंडा दिला, गव्हाच्या वर फडकणारा. कास्तो बघायला आला तेव्हा डोकं खाजवत म्हणाला की असलं काही मी आयुष्यात धरलेलं नाही, हात अवघडला असेल बघ त्याचा. पण त्याची बायको ब्लासा आरशासमोर उभं राहावं तशी त्या भिंतीसमोर उभी राहिली होती. मग कास्तोने झेंडा राहू दिला.

अडतीसच्या मार्चमध्ये लढाईची फळी फुटली. आधी विमानं आली, मग रस्त्याने माणसं यायला लागली, गाद्या, कोंबड्या, म्हाताऱ्या घेऊन, काताल्युनियाच्या दिशेने. समितीतले लोकही गेले. कास्तो गेला नाही. ब्लासाला दिवस गेले होते. तिला त्या गर्दीत चालवत न्यायला तो तयार नव्हता. मी त्याच्या पाठी लागले. तर म्हणाला, "मी केलंय काय? नाल ठोकलेत. त्यांच्याही खेचरांना नाल लागतील."

लांबेर्तो त्या दिवशी सकाळीच चर्चमध्ये गेला होता. मी गेले तेव्हा तो हातात थापी घेऊन शिडीवर उभा होता, कास्तोच्या चित्रासमोर. भिंतीवर एक ओरखडा नव्हता. मला बघून खाली उतरला आणि म्हणाला की चुना आण, मिळेल तेवढा. मी घरोघर फिरले. भिंती सारवायला ठेवलेला चुना लोकांनी दिला, काहींनी न विचारताच दिला. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत ती भिंत पांढरी केली. मार्चची दमट हवा, चुना वाळेना. पण भिंत पांढरी दिसत होती. मी त्याला घरी चल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सेनापतींची फौज आली. बरोबर डॉन इलारिओ आला, नव्या बुटांत. चर्चमध्ये आभाराची प्रार्थना करायची म्हणून त्यांनी गावातल्या बायकांना बादल्या आणि ब्रश देऊन साफ करायला लावलं. त्यात मी होते, ब्लासा होती, एन्ग्रासिआ मावशी होती. जमीन घासली, खांब घासले. मग एका सैनिकाचा खांदा भिंतीला लागला आणि चुन्याचा पापुद्रा पडला. आत एक डोळा दिसला.

फौजेच्या कॅप्टनने ती सगळी भिंत धुवायला सांगितली. आम्ही धुतली. मी सांगते तुम्हाला, आम्ही जीव खाऊन घासत होतो, चेहरे निघून जावेत म्हणून. चुना पाण्याबरोबर खाली आला आणि रंग तसाच राहिला. आपल्याच हाताखाली एक एक शेजारी वर येत होता. ब्लासाने कास्तोच्या तोंडावर घासून घासून ब्रशचे केस झिजवले तेव्हा सैनिकाने तिला दंडाला धरून बाजूला केलं.

डॉन इलारिओ छडी घेऊन भिंतीजवळून चालत गेला. हा अमक्याचा, ही तमक्याची. त्याला आठवावंही लागलं नाही, लांबेर्तोने कुणालाच ओळखायला कठीण ठेवलं नव्हतं. चामखीळवाला चामखिळावरून सापडला. लांबेर्तोला आणलं. मी मनाने काढली ही माणसं, असं तो म्हणाला. कॅप्टनने एन्ग्रासिआ मावशीला खांद्याला धरून तिच्या चित्राशेजारी उभं केलं, आणि लांबेर्तोकडे बघत राहिला. मावशीने मान खाली घातली होती. 

"झेंड्यावाला कोण?" कॅप्टनने विचारलं.

"तो झेंडा माझा आहे," लांबेर्तो म्हणाला. "तो लोहार आहे. त्याने कधी झेंडा धरला नाही. मला मधोमध तांबडा हवा होता, म्हणून दिला मी."

"का हवा होता?"

"चित्रासाठी, कॅप्टनसाहेब. नजर ठरायला."

कॅप्टन हसला. वाईट हसला असंही म्हणता येणार नाही, एखादी गोष्ट आवडल्यासारखा हसला. "ठरली की नजर," तो म्हणाला. "आता काय करू? तांबड्या रंगाला गोळी घालू?"

मला धरा, त्याला सोडा, असं लांबेर्तो म्हणाला. पुन्हा पुन्हा म्हणाला. कॅप्टनने त्याला सांगितलं की तुझ्या हाताची आम्हाला गरज आहे, ही भिंत नव्याने रंगवायची आहे.

कास्तोला त्याच्या लोहारभट्टीवरूनच नेलं. गावातली आणखी माणसं होती. सगळ्यांना जमीनदाराच्या तबेल्यात कोंडलं. बायकांचे केस भादरले, एरंडेल पाजून चौकातून फिरवलं, त्यात मावशी होती. ब्लासाचं पोट दिसत होतं म्हणून तिला सोडलं. तिने त्याच दुपारी घरातला कागदाचा कपटासुद्धा चुलीत घातला, झडती होणार म्हणून. लग्नाचा फोटोही घातला. त्यात कास्तोच्या कोटाला कुणीतरी लाल फूल खोचलेलं होतं, आणि तिला आता फुलाचीही भीती वाटत होती.

मोसेन फ्रोइलान परत आले तेव्हा मला वाटलं, आता सुटेल. मी त्यांच्याकडे धावत गेले. ते दारातच होते, सामानही उतरवलं नव्हतं. कास्तोने मला गवताखालून नेलं, तो नसता तर मी आज इथे नसतो, असं म्हणून ते तसेच कॅप्टनकडे गेले. मी बाहेर थांबले. बऱ्याच वेळाने आले. चेहरा उतरलेला. कॅप्टनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, कॉफी पाजली होती, मोसेनचा हात हातात घेऊन सारागोसाला वरच्यांना विचारतो म्हणून सांगितलं होतं.

"मग?" मी म्हटलं.

"विचारणार आहेत, ओरोसिआ." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "विचारणार आहेत."

सारागोसाहून काही यायच्या आत ट्रक गेला. कुठे नेलं ते सांगितलं नाही. पुढे कळलं की दोन गावं सोडून कब्रस्तानाच्या भिंतीपाशी. तिथे जाऊ दिलं नाही. मोसेननी सकाळच्या प्रार्थनेत कास्तोचं नाव घेतलं, तर डॉन इलारिओने त्यांना भर चर्चमध्ये खोकून थांबवलं. आणि ते थांबले. म्हातारे झाले होते.

लांबेर्तोला ती भिंत रंगवावी लागली. आधी गवंड्याने त्या सुगीवर छिन्नीने टाके मारले, नवा गिलावा धरावा म्हणून, आणि वरून थर दिला. त्यावर घोड्यावर बसलेला संत सांतियागो काढायचा होता, खाली सैनिक आणि कृतज्ञ गावकरी. लांबेर्तो रोज जायचा. संध्याकाळी भाकरीसारखा कोरडा चेहरा घेऊन यायचा. जेवण पुढ्यात घेऊन बसायचा, हातात काटा धरून. एकदा मी विचारलंच. मला ते विचारायचं नव्हतं, पण कास्तो माझा भाऊ होता.

"अंड्याच्या रंगावर चुना धरत नाही, हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"मला वाटलं आठवडाभर तरी धरेल. तोवर फौज पुढे जाईल." त्याने काटा खाली ठेवला. "खरवडायलाच गेलो होतो मी. पहिला कास्तोच समोर आला. त्याच्या तोंडावर थापी कशी मारू, तू सांग."

  कधी वाटतं की कास्तोच्या मायेने त्याचा हात उठला नाही. कधी वाटतं, चित्राच्या. त्या रात्रीही मी त्याच्याच शेजारी झोपले, दुसरीकडे कुठे जाणार.

सांतियागोच्या भिंतीवर गावकरी काढायची वेळ आली तेव्हा त्याला चेहरा येईना. हात अडायचा. डोकं, मान, रुमाल सगळं यायचं, आणि तोंडाच्या जागी कुंचला थांबायचा. शेवटी त्याने सगळ्यांची पाठ काढली. सगळे गावकरी संताकडे तोंड करून गुडघ्यावर बसलेले, बघणाऱ्याकडे पाठ. कॅप्टनची बदली झाली होती. नव्या अधिकाऱ्याला ते भक्तिभावाचं वाटलं. मोसेननी बघितलं, लांबेर्तोच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

त्यानंतर त्याने जे काढलं ते सगळं तसंच. पाठमोरी माणसं, पाठमोऱ्या बायका, कोट अडकवलेली खुंटी, रस्त्याने लांब जाणारी गर्दी. लोक तसबिरी काढून घ्यायला यायचे, तो खानावळीच्या पाट्या रंगवून पोट भरायचा पण चेहरा काढायला नाही म्हणायचा. एन्ग्रासिआ मावशी मरायच्या आधी एकदा येऊन खुर्चीत बसली. केस परत आले होते, पांढरे. "संत केलंस, मग बोल्शेव्हिक केलंस, आता जरा माणूस कर," म्हणाली. तीन-चार दुपारी बसली. शाल उत्तम आली. हात तर असे आले की पिठाचा वास यावा. वर काही आलं नाही. मावशीने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली की डोक्याला आराम दिलास, बरं केलंस. तिने तो घरी नेला.

साठ सालानंतर माद्रिदहून एक गॅलरीवाला आला. कुणाकडून तरी ऐकून आला होता. त्याने सगळी पाठमोरी चित्रं नेली, टांगली, आणि पेपरात छापून आलं. या माणसाने चेहरा नाकारला, यात आधुनिक माणसाचं एकटेपण आहे, असं काहीसं होतं. मी वाचून दाखवलं. लांबेर्तो ऐकत होता. पुढे काय आहे विचारलंन. मी म्हटलं, पुढे हवामान आहे. त्याने मान हलवली. त्या काळात खरं कारण छापायला देण्यासारखं नव्हतंच, आणि त्याच्याजवळ ते कुणी मागितलंही नाही. पैसे आले. आम्ही छप्पर दुरुस्त केलं.

कास्तोची मुलगी बेनिल्दे बापाच्या मागे अडतीसच्याच उन्हाळ्यात जन्मली होती. सारागोसात शिवणकाम करायची. लग्न ठरलं तेव्हा ती ब्लासाला घेऊन आमच्याकडे आली. माझी भाची, पण आमच्या घरी फार येत नसे, तिची आई येऊ देत नसे. येऊन बसली आणि सरळ लांबेर्तोला म्हणाली, "काका, मला माझा बाप बघायचाय. भिंतीतला निघत नाही, मी चर्चमध्ये विचारून आले. तुम्ही काढून द्या."

"मला चेहरा येत नाही, पोरी."

"आई सांगेल. आत्या सांगेल. तुम्ही नुसता हात चालवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून कोळसा आणि कागद घेऊन आला. खुर्ची ओढून बसला. आधी खांदे काढले, ते लगेच आले. मान आली. कान आले. मग त्याने विचारलं, कपाळ?

रुंद, मी म्हटलं. ब्लासा म्हणाली, रुंद कुठलं, केस खाली यायचे. त्याने केस खाली घेतले. नाक सरळ होतं असं ब्लासा म्हणाली. मला ते लहानपणी खेचराने लाथ मारल्यापासून जरा वाकडं आठवत होतं. ब्लासा म्हणाली, तो दुसरा, तुझा चुलत भाऊ. मी म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाचं नाक मला माहीत नसेल होय. आणि म्हणता म्हणता माझी मला खात्री वाटेना. डोळे मी घारे सांगितले, तिने काळे. लांबेर्तो पुसत होता, परत काढत होता. एकदा काहीतरी दिसल्यासारखं झालं आणि आम्ही तिघीही पुढे वाकलो. तो डॉन इलारिओसारखा दिसत होता. लांबेर्तोने पटकन बाहीने पुसलं.

ब्लासा रडायला लागली. ती वर्षानुवर्षं रडली नव्हती. "मी त्याच्याशेजारी झोपायची," ती म्हणत होती, "मी रोज त्याचं तोंड पुसायची."

बेनिल्दे आईला धरून बसली होती. जरा वेळाने तिने लांबेर्तोच्या हातातून कोळसा काढून घेतला, हळूच, लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. कागद उचलला. खांदे, मान, दोन कान, आणि मध्ये काळा डाग. तिने तो खिडकीशी नेऊन बघितला, मग गुंडाळला.

मी म्हटलं, जेवून जा. त्या थांबल्या नाहीत, सारागोसाची बस चुकली असती. लांबेर्तो दारापर्यंत गेला. तिथूनच त्या रस्त्याने लांब जाताना दिसत होत्या, दोघी पाठमोऱ्या, आणि बसच्या वळणाआड त्या दिसेनाशा होईपर्यंत तो बघत राहिला. मी मागून हाक मारली, जेवायला चल. तो आला आणि हात न धुताच बसला.